मुलांना दांडगाई कोण शिकवितो?

(गावच्या शाळेत भरलेल्या पालकांच्या सभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



खुरपणीचे दिवस असता हातचे काम टाकून तुम्ही येथे आलात, तेव्हा लांबण न लावता मुद्द्याचेच बोलावे असा आमचा विचार आहे.

गेल्या पंधरवड्यात तीन घरांतून एकच गाऱ्हाणे आमच्या कानी आले. पोर सकाळी पोट दुखते म्हणून निजून राहते, दप्तर कडब्याच्या गंजीत लपविते, नाहीतर शाळेकडे म्हणून निघते आणि ओढ्याच्या काठी बसून दुपारी घरी येते. खोदून विचारले तेव्हा कळले की, शाळेतील दोघे-तिघे त्याला रोज गाठून मारतात, बापाच्या धंद्यावरून चिडवितात व ताटातले काढून घेतात. ही हकीकत चावडीवर निघाली तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "पोरेच ती. आज भांडतील, उद्या गळ्यात गळे घालतील. त्यात मोठ्यांनी काय पडायचे?"

त्या गृहस्थांविषयी आमच्या मनात आदर आहे, पण त्यांचे हे म्हणणे आम्हास मान्य नाही. भांडण निराळे आणि दांडगाई निराळी. आखाड्यात वस्ताद जोड पाहून कुस्ती लावितो. हलक्या पोरावर तो जड पैलवान कधी सोडीत नाही, आणि एकावर तिघे सोडणारा वस्ताद तर आम्ही अजून पाहिला नाही. जोडीची झटापट झाली, एक पडला, एक चढला, माती झटकून दोघे पाणी प्यायला गेले, याला भांडण म्हणावे. जेथे एकाची ताकद जास्त व दुसऱ्याची कमी, जेथे रोज तोच मारतो व रोज तोच मार खातो, आणि मार खाणाऱ्यास दाद मागण्यास जागा नाही, ती दांडगाई. तिच्यातून गळ्यात गळे पडत नाहीत. तिच्यातून एक पोर शाळा सोडते आणि दुसरे गावगुंड होते.

आता सहा वर्षांचे पोर ही विद्या कोठून शिकते? काही घरून शिकते, हे खरे. त्याविषयी पुढे बोलूच. पण बदल्यांच्या निमित्ताने आम्ही चार गावच्या शाळा आतून पाहिल्या आहेत, आणि पुष्कळशी दांडगाई शाळेच्या रोजच्या रिवाजातूनच निघते, हे आम्ही तुम्हास उघड सांगतो. गोठ्यातलाच दाखला घ्या. एका गव्हाणीला दोन जनावरे बांधून वैरण तोकडी टाकली, आणि जे ढुशी मारते त्याच्याच पुढे पेंढी आधी टाकली, तर बैल मारका निघाला म्हणून बैलाला दोष देता येईल काय?

पहिला रिवाज मॉनिटरचा. दोन शिक्षकी शाळा, चार इयत्ता, आणि मास्तर माहितीचे तक्ते भरण्यात गुंतलेले. मग एका मुलास उभे करून सांगतात, "बोलतील त्यांची नावे फळ्यावर लिही." झाले! सात-आठ वर्षांच्या पोराच्या हाती खडू गेला आणि त्याबरोबर राज्यही गेले. फळ्यावर ज्याचे नाव येते त्यास पुढे छडी किंवा अंगठे धरणे आहे, हे सर्वांस ठाऊक. तेव्हा नाव पुसण्याचा भाव ठरतो. अर्धी पेन्सिल, मूठभर बोरे, पेरूची फोड. ज्याच्या घरी द्यायला काही नाही त्याचे नाव पुसले जात नाही. उलट त्यापुढे फुल्या वाढत जातात. मोठेपणी कचेरीत लाच द्यावी लागते म्हणून आपण हळहळतो, पण तिचा श्रीगणेशा पहिलीतच गिरविला जातो! कुलकर्ण्यांची वतने १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटलांची १९६२ च्या कायद्याने गेली. वर्गातले हे छोटे वतन मात्र कोणत्याच कायद्याने गेले नाही. आणि ते जाते कोणाकडे? मोलमजुरीवाल्याच्या पोराच्या हाती खडू आलेला आम्ही क्वचितच पाहिला. तो जातो ज्याचा बाप गावात वजनदार आहे त्याच्याकडे, नाहीतर वर्गात जो अंगाने दांडगा आहे त्याच्याकडे, कारण त्याला इतर भितात.

हा रिवाज आला कोठून, तेही ऐका. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेत मोठा मुलगा धाकट्याला धुळाक्षरे गिरवून देई. दक्षिणेतही तसेच होते. १७८९ च्या सुमारास मद्रासेत अँड्र्यू बेल नावाचे पाद्री गोऱ्या शिपायांच्या अनाथ मुलांची शाळा चालवीत होते. त्यांनी ही वाळूत अक्षरे काढण्याची व मुलांकडून मुलांस शिकविण्याची रीत पाहून आपल्या शाळेत घेतली आणि १७९७ साली विलायतेत तिच्यावर पुस्तक छापले. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी त्याच धर्तीवर गरिबांची मोठी शाळा चालविली. एका मास्तराच्या पगारात शेकडो मुले शिकून निघतात, याचा सरकारास व धनिकांस मोठा आनंद झाला. पण शेकडो मुले एका मास्तरास आवरावी कशी? तेव्हा मॉनिटरांची उतरंड उभी राहिली, आणि तिच्याबरोबर लँकेस्टर यांच्या त्या अजब शिक्षाही आल्या. मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकविणे, त्याला टोपलीत घालून आढ्याला टांगणे, की खालच्या पोरांनी वर पाहून हसावे. तीच पद्धत इंग्रजी शिक्का घेऊन १८२० नंतर मुंबई इलाख्यातील मराठी शाळांत परत आली. आपले पंतोजीही काही कमी नव्हते म्हणा. शाळा चुकविणाऱ्या पोरास आणण्यासाठी ते चार दांडगी पोरे धाडीत, आणि ती त्याचे हातपाय धरून वाजतगाजत उचलून आणीत. 'उचलबांगडी' हा शब्द आपण आज बदलीच्या बातमीत वाचतो. तो मूळचा या मिरवणुकीचा.

तेव्हा मॉनिटर हा शिक्षणासाठी जन्मला नाही, खर्च वाचविण्यासाठी जन्मला. मोठ्या मुलीने धाकट्याचे बोट धरून अक्षर काढून द्यावे, त्याची पाटी पुसून द्यावी, यास आमचा विरोध नाही. ते तर व्हावेच. तहानेल्यास तांब्याभर पाणी देणे निराळे आणि पाणवठ्यावर पहारेकरी होऊन बसणे निराळे. शिकविण्यास हात द्या, पण शिक्षा करण्याचा हक्क पोराच्या हाती देऊ नका, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसरा रिवाज याहून वाईट, आणि तुमच्यापैकी पुष्कळांनी तो गालावर भोगला असेल. मास्तर पाढा विचारतात. पाच जणांस येत नाही, सहाव्यास येतो. मग सहाव्याने त्या पाचांचे नाक धरून प्रत्येकास एक थोबाडीत द्यायची. मास्तर स्वतः हात उचलीत नाहीत. पण पोराने मित्र म्हणून हळू मारले, तर मास्तर त्याला जवळ बोलावून म्हणतात, "अशी मारतात होय? ये, दाखवितो." आणि दाखवितात! दुसऱ्या वेळी ते पोर जोराने मारते. तिसऱ्या वेळी त्यास गोडी लागते. मार खाणारा ते मनात धरून ठेवतो, आणि मधल्या सुटीत पाण्याच्या टाकीमागे हिशेब चुकता करितो, बहुधा मारणाऱ्यावर नव्हे, तर आपल्याहून दुबळ्या तिसऱ्यावर. सत्रा नव्वे किती हे तो विसरतो. वरून मिळालेले खाली द्यायचे, हा धडा मात्र पाठ होतो. हाच धडा या देशात जातीजातींच्या उतरंडीने हजारो वर्षे गिरविला आहे. तो पाटीवरही गिरविला जावा, याचे दुःख आम्हास अधिक वाटते.

मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमात शाळेत मुलाला मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास साफ मनाई आहे. कित्येक शिक्षकांनी कायद्याची ही बाजू अशी काढली आहे की, मारणारा हात आमचा नसला म्हणजे झाले. पोराच्या हाताने मारविणे म्हणजे मारणे नव्हे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने आपल्या बैलाला दुसऱ्याच्या गड्याकडून पराणी टोचवून पाहावी. बैलाला ती कमी लागते का?

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण ते आपल्या घरांच्या जास्त जवळचे आहे. अमेरिकेत आयोवा नावाचा मका पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचा मुलूख आहे. तेथील राईसव्हिल या लहान गावात जेन इलियट नावाच्या बाई तिसरीचा वर्ग शिकवीत होत्या. १९६८ च्या एप्रिलात काळ्या लोकांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. वर्गातील सगळी मुले गोरी. त्यांना या गोष्टीचे मर्म कळावे कसे? दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलांच्या डोळ्यांच्या रंगावरून दोन भाग केले, एक तपकिरी डोळ्यांचा व एक निळ्या. एका रंगाची मुले हुशार व चांगली, दुसऱ्या रंगाची मठ्ठ व वाईट, असे त्यांनी जाहीर केले. वरच्यांना जास्त सुटी, खालच्यांना ओळखता यावे म्हणून गळ्याला कापडी पट्टी. आणि खालच्यांनी पाण्याच्या नळाला तोंड लावायचे नाही, निराळा कागदी पेला वापरायचा. काल जी पोरे एका बाकावर बसत होती ती त्याच दिवशी एकमेकांना डोळ्यांच्या रंगाने हिणवू लागली. खाली ढकललेल्यांचे अभ्यासातही लक्ष लागेना, ज्यांना काल सगळे येत होते त्यांना आज येईनासे झाले. पुढे बाईंनी डाव उलटविला, तेव्हा पारडे फिरले. आईबापांनी शिकविले असे म्हणावे, तर तेवढी सवडच मिळाली नव्हती. शिक्षकाच्या तोंडचे एक वाक्य पुरले.

लहान मुलांवर असे प्रयोग करावेत की नाही, याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला, आणि तो होणे योग्यच आहे. पण तेथे बाईंनी मुद्दाम, थोडे दिवस व शिकवणीसाठी केले, ते आपल्या मुलखात पिढ्यान् पिढ्या खरोखरीच चालले. साताऱ्याच्या शाळेत लहान भीमराव आंबेडकर घरून आणलेल्या तरटावर निराळे बसत. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे, आणि शिपाई नसला तर तहानेलेच राहायचे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून त्यांच्या मुलांस सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. एका बाकावर बसल्यावाचून नुसते शिकून भागत नाही, हे त्या राजाने ओळखले होते.

आज तरट गेले, हे खरे. पण शिष्यवृत्तीचे कागद आले की भर वर्गात जातीची नावे मोठ्याने वाचून "अमके उभे राहा, तमके उभे राहा" असे म्हणतात की नाही, ते आपल्या पोरांना विचारा. ज्यांना पहिल्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते त्यांनाही त्या दिवशी ठाऊक होते, आणि मधल्या सुटीत चिडविण्यास शब्द मिळतो. व्हरांडा झाडायला कोणती मुले उठवितात आणि साहेब आले म्हणजे चहाचा पेला द्यायला कोणती, तेही विचारा. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची पोरे पट्टा पडल्यावर परत येतात, तेव्हा त्यांना मागच्या भिंतीला बसवून "हे पाहुणे आले!" असे एखादे मास्तर गमतीने म्हणतात. मास्तरांची गंमत तेथेच संपते. पोरांची तेथून सुरू होते आणि वर्षभर चालते. आमच्या पाहण्यात असा एक मुलगा होता. हिशेबाला तरतरीत. त्याला शाळेत कोणी नावाने हाक मारीत नसे, 'पाहुणा' म्हणत. चौथीनंतर तो खरोखरच पाहुण्यासारखा निघून गेला. पुढे तो आम्हास ऊसाच्या फडात भेटला. मोळ्यांचा हिशेब तोंडी करून मुकादमाची चूक दाखवीत होता.

यावर कोणी म्हणेल, मग त्या पोराने तक्रार का केली नाही? अहो, तक्रारीचे आपण काय करतो ते आधी पाहा. पोर रडत येऊन सांगते, "गुरुजी, ह्याने मारले." उत्तर मिळते, "चहाडी करू नकोस. तू काय केले असशील म्हणून मारले?" नाहीतर दोघांनाही उभे करतात. एकदा असे झाले की ते पोर पुन्हा सांगत नाही, आणि मारणाऱ्यास कळते की रान मोकळे आहे. घरी सांगावे तर बाप म्हणतो, "मार खाऊन घरी आलास तर मी आणखी देईन." बंधूंनो, रागावू नका, पण हे बोल आपल्या गावात पुष्कळ दारांतून आम्ही ऐकले आहेत. आणि पोराला शाळेत घालताना, "गुरुजी, डोळे तेवढे राखा, बाकी काय हवे ते करा," असे हात जोडून सांगणारेही आपणच. मग त्या पोराने जावे कोठे? ओढ्याकाठी!

नॉर्वे देशात १९८२ साली सोबत्यांच्या छळामुळे तीन मुलांनी जीव दिला, तेव्हा तेथील सरकार खडबडून जागे झाले व १९८३ पासून सगळ्या देशभर शाळांतील दांडगाई मोडण्याची मोहीम निघाली. डॅन ओल्वेयस या विद्वानांनी बर्गेन शहराच्या शाळांत ती तपासली, तो छळ सुमारे निम्म्याने उतरला. त्यांचे उपाय ऐकाल तर हसाल, इतके साधे आहेत. मधल्या सुटीत मोठ्या माणसाने अंगणात हजर असावे. दांडगाई म्हणजे काय व ती येथे चालणार नाही, हे मुलांनीच मिळून ठरवावे. एखाद्याने सांगितले तर ते ऐकून त्याच दिवशी दोन्ही घरी कळवावे. यास पैसा लागत नाही, लक्ष लागते. आपल्याकडे मधली सुटी झाली की मास्तर खोलीत आणि मुले अंगणात, असा शिरस्ता. खिचडीच्या ओळीत दांडगी पुढे आणि पहिलीची चिमुरडी मागे. रेटारेटीत कोणाचे ताट सांडले, हे वाढणाऱ्या बाईंना ठाऊक असते, पण त्यांना विचारतो कोण?

काही मंडळी म्हणतील, आम्ही मार खाऊन, नाक धरून थोबाडीत खाऊनच शिकलो, आमचे काय बिघडले? त्यांना आमचे एवढेच विचारणे आहे: पहिलीत तुमच्या शेजारी जितके बसले होते त्यांपैकी चौथीत किती उरले? जे टिकले ते आज सभेत उठून सांगतात की माराने विद्या येते. जे मारामुळे गेले ते सभेत बोलत नाहीत. ते आत्ताही रानात आहेत. महात्मा जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, त्यात शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत, ज्यांना नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्याची लाज वाटणार नाही व जे लोकांत मिसळतील, असे मागितले. आज आमच्यासारखे शेतकऱ्यांचे पुत्र हजारोंनी शिक्षक झाले आहेत. आपल्याच माणसाच्या हातात छडी आली म्हणून ती कमी लागते असे नाही, म्हणून हे बोलणे आम्हास भाग पडले.

आता करायचे काय? त्याच शिक्षणहक्काच्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप असले पाहिजेत व निम्म्या बायका असल्या पाहिजेत. आपल्या गावी समिती आहे, तिचे वहीबुकही आहे. बायकांच्या सह्या घरी जाऊन आणल्या जातात आणि बैठकीला त्यांचे यजमान येतात, हा भाग निराळा! पण हे पोरांचे दुखणे आयांना आधी कळते. सकाळी पोट दुखते म्हणणाऱ्या पोराच्या पोटाला हात लावून, हे पोटाचे दुखणे नव्हे, असे ओळखणारी आई असते. म्हणून येत्या बैठकीला मायबहिणींनी स्वतः यावे. बाजारचा दिवस सोडून, दिवेलागणीनंतर, स्वयंपाक उरकल्यावर बैठक ठेवावी, असे आम्ही मुख्याध्यापकांशी बोललो आहो व त्यांनी रुकार दिला आहे.

त्या बैठकीत मांडण्यासाठी आम्ही ठराव लिहून आणला आहे. शाळेत कोणत्याही मुलाने दुसऱ्या मुलास शिक्षा करू नये व शिक्षकाने ती करवू नये. नावे लिहिण्याचा फळा बंद करावा. मदतनीस दर आठवड्यास पटाच्या क्रमाने बदलावा, म्हणजे सगळ्यांची पाळी येईल. झाडलोटीची पाळीही त्याच क्रमाने, मुलगे-मुली दोन्हींची. शिष्यवृत्तीचे कागद आईबापांना एकेकटे बोलावून द्यावेत. खिचडीच्या ओळीत पहिली व दुसरी आधी. मधल्या सुटीत एक शिक्षक अंगणात उभा राहील. त्याची पहिली पाळी आम्ही घेतो, आणि सोबतीला दर दिवशी एक पालक लागेल. सोमवारसाठी कुंभारवाड्यातील एका आजींनी आपण होऊन नाव दिले आहे. बाकीचे पाच वार मोकळे आहेत. वही येथे टेबलावर ठेविली आहे. ज्यांना ठराव मान्य नसेल त्यांनी आत्ताच उठून बोलावे, आम्ही ऐकून घेऊ. ज्यांना मान्य असेल त्यांनी जाण्यापूर्वी आपला वार लिहून जावे. लिहिता येत नसेल त्यांनी नुसते सांगावे, आम्ही लिहून घेतो.